चहाचं वाजवणं

तुमच्यापैकीच कुणीतरी माझी लाल आणि काळी एक करून टाकली, आणि वर नावं मात्र मलाच ठेवली. 'ह्याचा दम गेलाय,' म्हणालात. 'ह्याला जोडलं की शेजारच्याचाही आवाज बसतो,' म्हणालात. माझं पोट उघडलंत, आतला कापूस बदललात, फटींना डिंक लावलात. पण माझ्या पाठीकडं वळून बघायला तुम्हाला कधी सवड झाली नाही. माणसाचं असंच असतं का? ज्याच्याकडून आवाज हवा त्याचं नुसतं तोंड बघायचं?

राग आला असेल तर येऊ द्या. आजवर तुम्ही आत पाठवलंत तेच मी बाहेर बोललो. आज माझं बोलतोय.

मी एक बेसचा खोका. मिरवणुकीत स्पीकरांची जी भिंत उभी असते, जिला आमच्या भागात सगळेच डॉल्बी म्हणतात, तिच्यात सगळ्यांत खाली बसतो तो मी. वरचे लहान स्पीकर शब्द सांगतात, बासरी सांगतात, टाळ्या सांगतात. माझ्या वाट्याला जाड, खोल आवाज येतो. तो कानाआधी बरगड्यांना कळतो.

माझा जन्म निपाणीचा. शामू सुताराच्या दुकानात एकाच प्लायवूडमधून आम्ही दोघे कापले गेलो, मी आणि माझा भाऊ. आम्हाला घडवून घेणारा दीपंकर. तो बेळगावात उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर काम करायचा आणि सुट्टीच्या दिवशी बस धरून निपाणीला यायचा. खोक्याचं माप त्यानं एका जत्रेत, दुसऱ्याच्या खोक्यावर वीत टाकून घेतलं होतं. खोक्याच्या मालकानं विचारलं, काय करतोस रं? तर हा म्हणाला, धूळ झटकतोय.

त्याला एवढी घाई का, ते शामूला त्यानं रंधा मारता मारता सांगितलं. आदल्या वर्षीच्या जयंतीला भाड्यानं आणलेला डॉल्बीवाला ऐन मिरवणुकीत वायरी गुंडाळून दुसऱ्या सुपारीला निघून गेला होता. पोरं निळे फेटे बांधून रस्त्यात तशीच उभी राहिली. दीपंकरनं त्या दिवशी ठरवलं, आपल्या जयंतीचा आवाज आपल्या घरचा पाहिजे.

म्हणजे बघा, मी जन्माला आलो तो कुणाच्या तरी मानासाठी. हे मी कधी विसरलो नाही.

आमच्या पोटात मोठे गोल स्पीकर बसले. प्रत्येकाच्या पाठीवर तार जोडायला दोन गुंड्या आल्या, एक लाल आणि एक काळी. लाल गुंडीला लाल तार, काळीला काळी. एवढं पाळलं की आम्ही दोघे भाऊ एकदम हवा पुढं ढकलायचो आणि एकदम मागं ओढायचो. आमच्यात कसलं भांडण नव्हतं.

पहिल्या जयंतीला आम्ही वाजलो तेव्हा निपाणीच्या त्या गल्लीत एक गंमत बघितली. माणसं आमच्यासमोरून जाताना नकळत हात छातीवर ठेवायची. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, कारण पोटात गुदगुल्या व्हायच्या. पुढं मी लग्नं पाहिली, गणपती पाहिले, उरूस पाहिले. एकच निवेदक मराठीत सुरू करायचा आणि कन्नडमध्ये संपवायचा. भाषेवरून ज्यांची सकाळी जुंपायची, तेही संध्याकाळी माझ्यासमोर एकाच ठेक्यावर मान हलवायचे. मी त्यांना तेव्हा काही बोलू शकलो असतो तर बरं झालं असतं.

माझा गैरवापरही झाला, ते नाकारत नाही. खिडक्यांची तावदानं थरथरली, पाळण्यातली लेकरं दचकली. आता आवाजावर बंधनं आली ते चांगलंच झालं. पण आवाज वाढवणारं बटण माझ्या अंगावर नाही, एवढं ध्यानात ठेवा.

मग एका जयंतीच्या आदल्या दिवशी ते घडलं.

दीपंकरच्या मनात आलं, आपले खोके काळे कशाला? निळे पाहिजेत. त्यानं डबा आणला आणि स्वतःच्या हातानं आम्हाला रंगवायला बसला. काय हौस होती त्या माणसाची! गाणं म्हणत रंगवत होता. तोंड रंगवलं, बाजू रंगवल्या, तळ रंगवला, जो कुणालाच दिसत नाही. आणि पाठ रंगवताना गुंड्यासुद्धा रंगवल्या. लाल निळी झाली, काळी निळी झाली. दुसऱ्या दिवशी तारा जोडताना भावाच्या बरोबर जोडल्या, माझ्या उलट्या.

झालं. त्या दिवसापासून भाऊ हवा पुढं ढकलायचा तेव्हा मी मागं ओढायचो. त्यानं दिलेलं मी पिऊन टाकायचो आणि मी दिलेलं तो. बारीक आवाज यायचे, पण समोर उभ्या माणसाच्या छातीपर्यंत काही पोचायचं नाही. मला आतून सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

दीपंकरनं सगळे उपाय केले. मात्र जोडणी तपासली नाही, कारण ती त्याच्या हातची होती. आणि त्या निळ्या रंगात काही चूक लपली असेल हे त्याच्या मनालाही शिवलं नसतं. प्रेमानं केलेली चूक सापडायला फार वेळ लागतो.

पुढं त्यानं नवे खोके घेतले. भाऊ जिन्याखाली गेला. आणि मला, मी थोडा थोराड म्हणून, बेळगावच्या घरात बाहेरच्या खोलीत टेबल केलं. अंगावर मेणकापड आलं. कुणी पेपर ठेवायचं, कुणी किल्ल्या. आणि रोज सकाळ-संध्याकाळ ठेवला जायचा एक चहाचा कप.

तो कप आण्णाप्पांचा. दीपंकरचे वडील. उभी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत काढलेली, आता लेकाकडं राहायला आले होते. त्यांना ऐकू कमी यायचं. घरातल्या सगळ्यांना एक सवय लागली होती, त्यांच्या कानाशी तोंड नेऊन घोगऱ्या, जाड आवाजात बोलायचं. सून बोलायची तर वाटायचं कुणी हवालदार आलाय.

आण्णाप्पा चहा फार सावकाश प्यायचे. एक घोट घ्यायचा, कप माझ्यावर ठेवायचा, आणि मग बोटं माझ्या फळीवर चालायची. उजव्या हाताचा एक ठोका, डाव्या हाताची बारीक थरथर, मध्ये अचानक एक रिकामी जागा, मग पुन्हा उजवा. मी लग्नांत कितीतरी ठेके वाजवलेत, पण हा त्यातला नव्हता. हा कुणीतरी लहानपणी हातात भरून ठेवलेला होता.

हलगीचा होता तो. आण्णाप्पांच्या घराण्याकडं गावकीची हलगी होती. कुणाच्या दारी लग्न असो, कुणी मरो, बोलावणं आलं की निघायचं. वाजवून झालं की भाकरी मिळायची, ती हातावर नाही, वरून टाकलेली. धम्मदीक्षा घेतली त्या साली घरातल्या मोठ्यांनी हलगी चुलीत घातली आणि गावाला सांगितलं, आता बोलावू नका. आण्णाप्पा तेव्हा मिसरूड न फुटलेले. त्यानंतर त्यांनी हलगी हातात धरली नाही, दुसऱ्यानं वाजवली तरी तिथून उठून जायचे. पण बोटांना दीक्षा कोण देणार?

हे सगळं मला सांगणारी अक्षरा. म्हणजे मला नाही, फोनवर मैत्रिणीला सांगत होती, माझ्यावर कोपर टेकून.

अक्षरा दीपंकरची मुलगी. बेळगावात कॉलेजला. तिच्याइतकं अधीर माणूस मी पाहिलं नाही. चहा उकळेपर्यंत थांबायची नाही, कोमटच प्यायची. जगात कुठं अन्याय झाला की आमच्या बाहेरच्या खोलीत त्याचा निकाल लागायचा. आणि लॅपटॉपवर ती संगीत करायची, कानावर हेडफोन चढवून. त्या संगीताला म्हणतात ड्रम अँड बेस.

तिचा चुलतभाऊ अमरदीप दीपंकरचा टेंपो चालवायचा आणि मिरवणुकीत गाणी लावायचा. तो आला की भांडण ठरलेलं. विषय एकच, टेक्नो करणाऱ्यांमुळं ड्रम अँड बेस घडलं की नाही.

तुम्हाला ह्यातलं काही माहीत नसेल तर मलाही नव्हतं. टेक्नो म्हणजे यंत्रावर केलेलं संगीत, एकसारखा ठोका, थांबणं नाही. अमेरिकेत डेट्रॉइट नावाचं मोटारींच्या कारखान्यांचं शहर आहे. तिथल्या काळ्या पोरांनी ते सुरू केलं. कारखाने बंद पडत होते, शहर रिकामं होत होतं, आणि ही पोरं यंत्रांना गायला शिकवत होती. ड्रम अँड बेस मागाहून आलं, लंडनमधून. त्यातला ढोलाचा ठोका तुटक आणि धावता, जणू कुणी जिना उतरताना पायऱ्या गाळतोय. आणि खाली मोठा खोल बेस.

"नावच ड्रम अँड बेस," अमरदीप म्हणायचा. "ड्रम आला, बेस आला. ह्यात तुझा टेक्नो कुठं बसतोय? मागच्या सीटवर?"

"बेसच्या पोटात बसलाय, अमरदादा."

मग ती सुरू व्हायची. ढोल एका जुन्या अमेरिकन रेकॉर्डमधून उचलला, कबूल. खोके रचून रस्त्यावर गाणं वाजवायची रीत जमैकाहून आलेल्या लोकांनी लंडनला आणली, तेही कबूल. पण तो जो घुमणारा, आत ढवळणारा बेस आहे, ज्याच्यावर लंडनच्या पोरांनी कितीतरी गाणी उभी केली, तो डेट्रॉइटच्या एका टेक्नोवाल्यानं आधी करून ठेवला होता. टेक्नो हा ड्रम अँड बेसचा बाप नाही, एकटा तर नाहीच. पण तो नसता तर हे गाणं कमरेखाली लुळं राहिलं असतं.

अमरदीप म्हणायचा, उद्यमबागेत दिवसभर धाड धाड ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा तेच कशाला ऐकवतेस? ती म्हणायची, त्या धाड धाडमध्येच कुणालातरी गाणं सापडलं, हेच तर सांगतेय. मला तिचं पटायचं. मी पडलो बेसचा खोका, माझं मत धरू नका.

पण ह्या भांडणामागं दुसरं एक कारण होतं, ते अमरदीपला ठाऊक नव्हतं.

टिळकवाडीतल्या कानाच्या डॉक्टरांकडं अक्षराच आज्जांना घेऊन गेली होती. डॉक्टर म्हणाले, वयानं बारीक आवाज आधी जातात. पाखरं, भांडी, लहान मुलांचं बोलणं, ह्यांच्यातलं आता फारसं काही त्यांना येत नाही. जाड आवाज अजून येतात. तेही किती दिवस येतील, सांगता येणार नाही.

अक्षरा घरी आली आणि माझ्यासमोर बसून राहिली. नात म्हणून तिची जी काही धडपड होती, कविता, भाषणं, बक्षिसं, त्यातलं काहीच आज्जांपर्यंत पोचत नव्हतं. पोचू शकेल असा एकच रस्ता उरला होता, आणि तो रस्ता म्हणजे बेस. तोही मिटायच्या आत तिला आपलं एक गाणं आज्जांना ऐकवायचं होतं. म्हणून ती त्या खोल आवाजाच्या मागं लागली होती. कुठून आला, कुणी केला, कुणी कुणाला दिला.

आणि ढोलासाठी तिनं काय केलं माहीत आहे? आज्जा चहा प्यायला बसले की फोन माझ्यावर उपडा ठेवायची. त्यांच्या बोटांचे ठोके भरून घ्यायची. त्यांना न सांगता. सांगितलं तर बोटं थांबतील ही भीती. रात्रंदिवस हेडफोन लावून तिनं ते ठोके कापले, जोडले, पळवले.

मग कडोलीच्या शेजारच्या एका गावात साहित्य संमेलन ठरलं. आमच्या ह्या सीमेवर हिवाळ्यात गावोगाव संमेलनं भरतात. भात घरात आलं की लोक कविता ऐकायला मोकळे. त्या वर्षी तरुणांसाठी एक वेळ ठेवली होती. अक्षरानं विषय कळवला, 'टेक्नोनं ड्रम अँड बेस घडवलं का?' आयोजकांनी फोन करून विचारलं, बाळ, टेक्नो हे औषधाचं नाव आहे का? पण वेळ दिली.

त्या दिवशी दीपंकरचे नवे खोके लग्नाला गेलेले असणार होते. अक्षरा म्हणाली, मी हे निळे नेते. दीपंकर म्हणाला, अगं, दम न्हाई त्यात. ती म्हणाली, हेच नेणार. आज्जांची बोटं ह्याच फळीवर चालली होती, हे कारण मात्र तिनं बापाला सांगितलं नाही.

निघायच्या आदल्या सकाळी अमरदीप आणि ती पुन्हा जुंपले. आण्णाप्पा चहा पीत होते. दोघांची तोंडं नुसतीच हलताना बघून म्हणाले, "कशावरनं भांडाय लागलाय रं?"

अक्षरा त्यांच्या कानाशी गेली आणि जाड आवाजात सगळं सांगितलं, जमेल तेवढं सोपं करून. एका गावच्या पोरांनी दुसऱ्या गावच्या माणसाचा आवाज घेतला आणि आपलं गाणं केलं.

आण्णाप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "घेतलं ते घेतलं. ज्याचं घेतलं त्याचं नाव ठेवलं का त्येंनी?"

"बेसचं ठेवलं, आज्जा. तो माणूस ज्या नावानं रेकॉर्ड काढायचा, त्याच नावानं तो आवाज आजून ओळखतात."

"आणि ढोल वाजिवणाऱ्याचं?"

त्या ढोलवाल्याचे काही क्षणांचे ठोके हजारो गाण्यांत गेले आणि त्याच्या हाती काही आलं नाही. बहुतेकांना त्याचं नावही ठाऊक नाही. हे अक्षराला माहीत होतं, इतरांना ती हे तावातावानं सांगायची. त्या सकाळी सांगता आलं नाही. तिचा फोन माझ्यावर उपडा पडला होता, आज्जांच्या कपाशेजारी. तो तिनं उचलला आणि ती आत निघून गेली.

आण्णाप्पांनी अमरदीपकडं बघितलं. "काय चुकीचं इचारलं व्हय मी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे भाऊ कितीतरी वर्षांनी एका टेंपोत बसलो. शाळेच्या मैदानात मांडव होता. संमेलनाचा माइक आणि कर्णे त्यांचे होते, आम्हाला मंचाच्या दोन्ही बाजूंना ठेवलं. वीज गेलेली, ती कार्यक्रम सुरू होतानाच आली, त्यामुळं तपासायला मिळालं नाही. दीपंकर सुट्टी काढून आला होता, पांढरा सदरा घालून. आण्णाप्पांना पहिल्या रांगेत, माझ्यासमोर, खुर्ची मिळाली.

त्या मांडवात खरी सत्ता नागुबाईंची होती. गावच्या बायांचा गट चहा करत होता, त्या त्याच्या म्होरक्या. किटली घेऊन फिरायच्या. मांडवात चहा घेतला की तो संपेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा कायदा. कप हरवतात म्हणून. संमेलनाच्या अध्यक्षांनासुद्धा त्यांनी उभ्या उभ्या कप रिकामा करायला लावूनच मंचावर सोडलं होतं.

अक्षराची पाळी आली ती दुपारच्या जेवणानंतर. लोक पेंगत होते. ती बोलली, आणि बरं बोलली. डेट्रॉइट सांगताना उद्यमबाग सांगितलं, तेव्हा मागं बसलेली कारखान्यातली पोरं सावरून बसली. मग म्हणाली, आता एक गाणं वाजवते. बटणावर बोट ठेवलं. आणि थांबली.

माइक हातात तसाच धरून ती मंचावरून खाली उतरली आणि आण्णाप्पांच्या कानाशी वाकली. माइक चालू आहे ह्याचं तिला भान नव्हतं. साऱ्या मांडवानं तिचा तो हवालदारी आवाज ऐकला. पोरं हसली.

"आज्जा, ह्यातला ढोल तुमचा हाय. तुम्ही चहा पिताना खोक्यावर वाजिवता, ते घेतलो मी. न विचारता घेतलो."

हसणं थांबलं. दीपंकर उभा राहिला. त्याला वडिलांचा उठून जाण्याचा स्वभाव माहीत होता.

आण्णाप्पांनी नातीकडं बघितलं, मग स्वतःच्या बोटांकडं.

"हलगी न्हाई वाजिवली मी," ते म्हणाले. त्यांचा आवाज मोठा होता, कमी ऐकणाऱ्यांचा असतो तसा, त्याला माइक लागला नाही. "कुणी बोलावलं म्हणून न्हाई, भाकरीसाठी न्हाई. माझ्या लेकाच्या घरात बसून, चहा पिता पिता वाजिवलं. चहाचं वाजवणं हाय ते. असं सांग ह्यास्नी."

अक्षरानं सांगितलं. गाव, नाव, आडनाव, सगळं. गाण्यात ढोल निपाणीच्या आण्णाप्पांचा, बेसची वाट डेट्रॉइटची, जोडणी तिची स्वतःची. शब्दही इकडचा तिकडं केला नाही. मग बटण दाबलं.

आणि बेस आलाच नाही.

ठोके आले, भरभर, पायऱ्या गाळत. पोरांनी ताल धरला. पण ज्याच्यासाठी हे सगळं होतं त्या माणसाला ठोके ऐकू येत नव्हते. त्याला फक्त बेस येऊ शकत होता, आणि तो मी आणि माझा भाऊ मिळून गिळत होतो. आण्णाप्पा हसऱ्या चेहऱ्यानं, नातीचं मन राखायला, मान हलवत होते. चुकीच्या तालावर. अक्षराला ते दिसलं. तिचा चेहरा असा उतरला की मी फुटून गेलो असतो तर बरं.

दीपंकर माझ्यापाशी आला. सवयीनं माझ्या तोंडावर थाप मारली. मग, कोण जाणे कसं, माझ्या पाठीमागं गेला. तिथं त्यानंच दिलेला रंग अजून चकचकीत होता. त्यानं गुंडीवर नख लावलं आणि खरवडलं. जिथं काळी तार होती तिथं निळ्याखालून लाल निघाली.

मला त्याचा श्वास पाठीवर लागत होता. "मीच की रं," तो माझ्याशी म्हणाला. दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

त्यानं अक्षराला खूण करून गाणं थांबवायला लावलं, तारा काढल्या आणि अदलाबदल करून जोडल्या. तिला सांगितलं, पहिल्यापासून लाव.

मी भावाबरोबर हवा पुढं ढकलली. कितीतरी वर्षांनी आम्ही दोघं एका बाजूला गेलो. आवाज मोठा नव्हता, अक्षरानं बेताचाच ठेवला होता. पण मांडवाखालची जमीन जागी झाली. खुर्च्यांच्या पायांतून, चपलांतून तो वर चढला. नागुबाई किटली धरून होत्या तिथंच थांबल्या. आण्णाप्पांचा हात नकळत छातीवर गेला.

मग दोन्ही हात हळूच पुढं आले आणि बोटं हवेतच चालू लागली. उजवा ठोका, डावी थरथर, मधली रिकामी जागा. आता बरोबर तालावर. ढोल त्यांना ऐकू येत नव्हता. पण बेस कुठं आहे हे कळल्यावर ढोल कुठं असणार, हे त्या बोटांना सांगावं लागलं नाही. अक्षरा मंचाच्या पायरीवर बसली आणि त्यांच्याकडं बघत रडली. नंतर म्हणाली, डोळ्यात धूळ गेली. माप घेतानाही तिच्या बापानं धुळीचंच कारण सांगितलं होतं.

आज मी पुन्हा बाहेरच्या खोलीत आहे, पण टेबल म्हणून नाही. भाऊ शेजारी आलाय. मेणकापड गेलं. आम्ही अजून निळेच आहोत, फक्त पाठीवर खरवडलेल्या खुणा आहेत, एक लाल, एक काळी. दीपंकर त्यांवर पुन्हा रंग देत नाही. संध्याकाळी अक्षरा आज्जांसाठी काहीबाही लावते. डेट्रॉइट लावते, लंडन लावते, कधी अमरदीपची मिरवणुकीतली गाणी. आण्णाप्पांचे कान आणखी थोडे गेलेत. जेवढं येतं तेवढं आम्ही दोघं पोचवतो.

तुम्हाला माझं एकच मागणं आहे. कुणाचा आवाज पोचेना झाला तर त्याला नाव ठेवण्याआधी एकदा त्याच्या मागं जाऊन बघा. आणि कुणाचं घेतलंत तर नाव सांगा. सुरुवातीला मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. ज्यानं केलं त्यानं स्वतःच नख लावून खरवडलं. माझा राग तिथंच संपला.

त्या दिवशीचं एवढंच सांगायचं राहिलं. अक्षराची वेळ उलटून गेली होती. पुढचे कवी वही घेऊन मंचाखाली उभे होते. आयोजकांनी हातानं खूण केली, आवरा. दीपंकर अँप्लिफायर बंद करायला वळला, तेवढ्यात नागुबाई किटली घेऊन मधे आल्या आणि आण्णाप्पांनी खुर्चीपाशी ठेवलेल्या भरल्या कपाकडं बोट दाखवून म्हणाल्या, "चहा संपला न्हाई त्यांचा आजून. तवर वाजू दे."